म्हशींच्या गोठ्यात माझी खोली

आमच्या गोठ्यातली शेवटची म्हैस २०१९ च्या दिवाळीनंतर गेली. आत्तींचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे साथ देईनात. हे उद्यमबागेतल्या कारखान्यात, मी शाळेत, पोरगा पुण्यात. धार काढायला कुणी उरलं नाही. मग बंद गोठ्यात साठतं ते सगळं तिथं साठत गेलं. फुटकी कौलं, जुना नांगर, खताची रिकामी पोती, पिंजराचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, उरलेले भारे आणि त्यात उंदरांची बिळं.

आमचं गाव बेळगावहून जांबोटीकडं जाणाऱ्या रस्त्याला. शहरापेक्षा इथं पाऊस पुष्कळ जास्त, आणि कणकुंबीकडं जावं तसा तो वाढतच जातो. घर जुन्या पद्धतीचं, पुढं सोपा, मग माजघर आणि मागं परडं. परड्याच्या पश्चिमेच्या कडेला हा गोठा, १८ फूट लांब, ११ फूट रुंद. मातीत बसवलेल्या जांभ्याच्या सव्वा फूट जाड भिंती, वर मंगळूरी कौलं, आत एका लांब भिंतीला दगडी गव्हाण.

२०२२ च्या मे महिन्यात मी मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर वाचायचं, लिहायचं, असं मनात होतं, पण घरात त्याला जागाच नव्हती. सोप्यात टीव्ही आणि येणारी-जाणारी माणसं, माजघरात स्वयंपाकाची ये-जा. पुढच्या वर्षी एप्रिलमधल्या एका दुपारी कुदळ आणायला म्हणून मी गोठ्यात गेले आणि तिथंच अर्धा तास बसले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत अंगाला गारवा लागत होता. त्याच संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "गोठा मला द्या."

ह्यांचं म्हणणं, पाडूया आणि तिथं स्लॅबची खोली बांधूया. मला ते नको होतं. त्या भिंतींमुळंच तर तो गारवा होता. शेवटी ठरलं की पाडायचं नाही. दुरुस्त करायचं, आणि माझ्या फंडाच्या पैशातून करायचं.

२०२३ ची दिवाळी झाल्यावर अडगळ काढली. चार ट्रॉल्या निघाल्या. गोठा रिकामा झाला तेव्हा भिंती पहिल्यांदा नीट दिसल्या, आणि माझ्या पोटात गोळा आला. खालच्या तीन फुटांना कधीतरी २००५ च्या सुमाराला आम्हीच सिमेंटचा गिलावा केला होता, भिंती झडतात म्हणून. तो गिलावा आता भिंतीपासून सुटून पोकळ वाजत होता. बोटानं ढकललं की परातीएवढी खपली खाली यायची. तिच्यामागं जांभ्याचा अक्षरशः भुगा. त्यावर कापसासारखी पांढरी लव. आणि ओल तर सिमेंटच्याही वर, साडेचार फुटांपर्यंत चढलेली.

याला आपल्याकडं लोणा लागणं म्हणतात. शब्द लहानपणापासून कानावरचा, पण त्याचा अर्थ मला त्या हिवाळ्यात कळला.

गवंडीमामा साठी ओलांडलेले. तरुणपणी त्यांनी चुन्याची कामं केलेली. त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "सिमिटनं तोंड बंद केलंय हिचं. खालनं पाणी येवलालंय, त्याला भाईर पडायला जागा नाही. मग ते वर चढणारच की ओ."

माझी एक जुनी विद्यार्थिनी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. तिला मी फोटो पाठवले. तिनं विचारलं, "बाई, इथं जनावरं किती वर्षं होती?" मी म्हटलं, साठ-पासष्ट तरी. मग तिनं फोनवर सगळं उलगडून सांगितलं. जनावरांचं मूत जमिनीत मुरतं, जमिनीतले जिवाणू त्याचे नायट्रेट क्षार करतात. पूर्वी बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा अशाच मातीतून काढत. हे क्षार पाण्याबरोबर भिंतीत चढतात. उन्हाळ्यात पाणी उडतं, क्षार मागं राहतात, त्यांचे खडे वाढतात आणि दगडाच्या छिद्रांना आतून फोडतात. पावसाळ्यात तेच क्षार हवेतली ओल ओढून घेतात. म्हणजे कौलातून थेंब गळला नाही तरी भिंत ओलीच. वर सिमेंट लावा, वॉटरप्रूफ रंग लावा, टाईल चिकटवा, पाणी त्याच्यामागं अडकतं आणि आणखी वर जातं. आमच्याच हातानं आम्ही तीन फुटांची ओल साडेचार फुटांवर नेली होती.

हे ऐकून माझी सगळी यादी उलटी झाली. खिडकी, फरशी, बैठक, दिवे हे सगळं मागं गेलं. आधी भिंतीतलं मीठ काढायचं.

पहिलं काम, सिमेंट पूर्ण उतरवणं. छिन्नी-हातोड्यानं, हलक्या हातानं, कारण जोर केला की जांभाही सोबत येतो. दुसरं, कोरड्या ब्रशनं भिंत झाडणं. पाण्यानं धुवायचं नाही, हे तिनं तीनदा बजावलं होतं, कारण पाण्याबरोबर मीठ परत आत जातं. झाडलेली भुकटी खालीही पडू द्यायची नाही. भिंतीला लागून पोतं पसरायचं आणि गोळा करून लांब टाकायचं. पहिल्या खेपेला भरगच्च बुट्टीभर पांढरट-लाल भुकटी निघाली.

तिसरं काम लेपाचं. खानापूरची माती कुंभारकामाला आणि कौलांना नावाजलेली. तिथून कुंभारमातीची पोती आणली. माती, चाळलेली वाळू आणि कागदाचा लगदा स्वच्छ पाण्यात कालवून इंचभर जाडीचा लेप भिंतीला द्यायचा. लगद्याला घरातली 'तरुण भारत'ची रद्दी होतीच. दोन रात्री भिजवून मी ती पाट्यावर वाटली. लेप ओला असताना भिंतीतले क्षार विरघळतात आणि लेप वाळता वाळता त्यात ओढले जातात. लेप आपोआप सुटायला लागला की काढायचा, टाकायचा, पुन्हा नवा लावायचा. एक लेप वाळायला सुमारे तीन आठवडे. आम्ही तीन लेप दिले, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. पहिल्या लेपावर पंधराव्या दिवशी साय धरल्यासारखा पांढरा थर आला होता. तिसऱ्यावर नुसती ठिपक्यांची रांगोळी.

आत्ती रोज सकाळी परड्यात खुर्ची टाकून बसायच्या. ८४ वर्षांच्या, पण नजर चोख. नैऋत्येच्या कोपऱ्यातला लेप बाकीच्यांपेक्षा लवकर पांढरा होतो आणि तिथला दगडही सगळ्यात जास्त खाल्लेला, हे मी त्यांना सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "तिथं चंद्री बांधत होतो गं. चौदा वरसं. लई पाणी प्यायची, लई मुतायची." मग त्यांनी काठीनं एकेक जागा दाखवली. इथं चंद्री, इथं मोरी नावाची दुसरी म्हैस, मधे पारडं, आणि दाराजवळ बैल, तेही फक्त पावसाळ्यात. मी कागदावर लिहून घेतलं आणि भिंतीवरच्या डागांशी ताडून पाहिलं. जुळत होतं. बैलांच्या जागेची भिंत जवळजवळ कोरडी. दुसऱ्या लेपाच्या वेळी आम्ही त्यांच्या सांगण्यावरूनच कुठं जाड, कुठं पातळ द्यायचा ते ठरवलं.

क्षार काढणं एक, पण पाणी येणंही थांबायला हवं. परड्यातली जमीन वर्षानुवर्षं शेणकचरा पडून चढली होती. बाहेरची माती आतल्या जमिनीपेक्षा नऊ इंच उंच. पावसाचं पाणी भिंतीला टेकूनच उभं राहत असणार. सुतार बैलहोंगलकडचे, कन्नड बोलणारे. ते लाकूड बघायला आले आणि लाकडाआधी बाहेर एक फेरी मारून म्हणाले, "नीर होगबेक्री, अक्कार." पाणी जायला पाहिजे. मग भिंतीपासून दोन फुटांवर, चढाच्या बाजूनं, दीड फूट खोल चर खणला. त्यात खडी भरली आणि उतार परड्यातल्या केळी-अळूकडं काढला. भिंतीलगतची माती आतल्या जमिनीच्याही खाली नेली. या साऱ्याला चार दिवस लागले. सगळ्या कामात पैशाच्या मानानं सर्वांत जास्त फायदा याचाच झाला.

आतली जमीनही फूटभर खणून काढली. काळी, भुसभुशीत, पासष्ट वर्षांचं मूत प्यालेली माती. दोन-तीन ट्रॉल्या भरली. ती वाया कशाला घालवायची म्हणून आम्ही रताळ्याच्या वावरात पसरली. आत्ती म्हणाल्या होत्या, "भाताला घाला, रताळ्याला नको." आम्ही ऐकलं नाही. त्या पावसाळ्यात वेल असा माजला की बांध दिसेना, आणि काढणीला खाली बोटाएवढी मुळं. नत्र जास्त झालं की रताळं पोसत नाही, नुसता पाला वाढतो. महाशिवरात्रीच्या बाजाराला आमची रताळी गेलीच नाहीत. उरलेल्या वेलांचा मात्र शेजारच्या जनावरांना आठवडाभर चारा झाला.

जमिनीला मी प्लास्टिकचा कागद घालू दिला नाही. तो घातला तर खालची ओल मधून वर न येता कडेला सरकते आणि पुन्हा भिंतीतच चढते. त्याऐवजी सहा इंच जाड धुतलेली खडी. तिच्यात बारीक चुरा नसला की पाण्याला वर चढायला धागा मिळत नाही. तिच्यावर चुन्याचा थर आणि नऊ इंची भाजक्या मातीच्या फरश्या. भिंत आणि फरशी यांच्यामध्ये दोन इंचांची खडीची पट्टी उघडी सोडली. पाहुणे विचारतात, हे काम अर्धवट का? ती पट्टी भिंतीच्या श्वासासाठी आहे.

छपराची गोष्ट वेगळी. मंगळूरला बासेल मिशननं १८६० च्या दशकात कौलांचा कारखाना काढला आणि तिथून हा नमुना सगळीकडं पसरला. पण प्रत्येक कारखान्याच्या साच्यात थोडा फरक असतो. जुन्या कौलाच्या खाचेत नवं कौल बसतच नाही, अर्धा सूत तरी फट राहते आणि झडीचा पाऊस तिथूनच आत येतो. आम्ही सगळी कौलं उतरवली, एकेक हातात धरून बोटाच्या पेरानं वाजवलं. खणखणीत वाजलं ते चांगलं, बद्द वाजलं ते तडकलेलं. सुमारे सव्वापाचशेपैकी दीडशे बाद झाली. जुनी चांगली कौलं ताराच्या ब्रशनं घासून पूर्वेच्या पाखाला, म्हणजे छपराच्या त्या उतरत्या बाजूला, लावली. पश्चिमेच्या, पाऊस झेलणाऱ्या पाखाला सगळी नवी, एकाच कारखान्याची. मिसळ करायची नाही. वासे किंदळाचे, अजून घट्ट. फक्त दोघांची भिंतीवर टेकणारी टोकं वाळवीनं खाल्लेली. तेवढीच कापून सुतारांनी नवा तुकडा सांधला आणि वासे फूटभर पुढं वाढवून वळचण रुंद केली, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात.

वाशांच्या टोकांना काजूच्या टरफलांचं तेल लावलं. चंदगडकडून पाच लिटरचा कॅन आणला. वाळवी त्याच्याजवळ येत नाही, हे खरं. पण ते तेल कातडीला जाळतं, हे मी सर्वांना सांगेन. मी हातमोजे न घालता अर्धा वासा पुसला आणि दुसऱ्या दिवशी मनगटापर्यंत फोड आले. बरे व्हायला दोन आठवडे गेले. नंतर ते तेल फक्त भिंतीत जाणाऱ्या टोकांना लावलं, उघड्या लाकडाला जवसाचं तेल.

उजेडासाठी उत्तरेच्या टोकाला कौलांमध्ये चार काचेची कौलं घातली. दिवसभर मऊ उजेड पडतो. छताच्या निम्म्या भागाला खालून बांबूच्या तट्ट्या मारल्या. बसायची जागा तिच्याखाली. उरलेला भाग उघडाच ठेवला, वासे दिसावेत म्हणून.

खिडकीसाठी पूर्वेची भिंत फोडावी लागली. मातीत बसवलेल्या जांभ्याला आधी भोक पाडून मग लिंटल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, घालणं म्हणजे वरचे दगड अंगावर घेणं. मामांनी आधी वरच्या थरात खाच पाडली, दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच आत जाईल असा लिंटल बसवला, तो आठवडाभर तसाच ठेवला आणि मग खालचं फोडलं. खिडकी सागवानी, शहापूरमधल्या एका पाडलेल्या वाड्याची, जुन्या लाकडाच्या दुकानातून घेतलेली. तिचे गज आणि कड्या तशाच आहेत.

चुन्याच्या गिलाव्याला मार्च उजाडला. कळीचा चुना खड्ड्यात विरवला, तो उकळताना जवळ जायचं नाही. मग तीन आठवडे पाण्याखाली ठेवला. एक भाग चुना, तीन भाग वाळू. नदीची वाळू मिळाली नाही, एम-सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, दोनदा धुऊन वापरली. मामांनी त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घातलं. पहिल्या दिवशी दक्षिणेची भिंत झाली, आणि चौथ्या दिवशी तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या तडा गेल्या. चुना हवेतला वायू घेत सावकाश घट्ट होतो. त्याला त्या काळात ओल लागते, आणि मार्चचा वारा ती ओल तासाभरात पिऊन टाकतो. ती भिंत खरवडून पुन्हा केली. या खेपेला गोणपाटं भिजवून वर टांगली, दिवसातून चारदा पाणी शिंपडलं, दहा दिवस. ते काम मी आणि हे पाळीपाळीनं केलं. तेव्हा कुठं भिंत बसली. पश्चिमेच्या भिंतीचा खालचा चार फुटांचा भाग मात्र गिलाव्याशिवाय ठेवला. तिच्यातलं मीठ संपलेलं नव्हतं.

विजेचं काम एका दिवसाचं. घरातल्या बोर्डातून जादा भाराला वीज तोडणारा वेगळा एमसीबी, वीज गळली की पुरवठा तोडणारा आरसीसीबी, वेगळी अर्थिंग, आणि तारा उघड्या पाईपमधून. ओल्या जागेत यात काटकसर करू नये.

गव्हाण काढायची, असं सुतारांना वाटत होतं. मी ती ठेवली. तिच्यावर फणसाच्या फळ्या टाकल्या, फळ्यांवर वाकळ, आणि झाली चौदा फुटांची बैठक. फळ्या उचलल्या की खाली गव्हाणीच्या पोटात पांघरुणं, छत्र्या, कंदील. पुस्तकांचं कपाट उत्तरेच्या कोरड्या भिंतीपाशी, तेही भिंतीपासून चार इंच पुढं. मृग निघायच्या आत, जूनच्या पहिल्या आठवड्यात काम संपलं. एकूण खर्च दोन लाख दहा हजार झाला. खोलीत पहिला चहा आत्तींनी घेतला आणि म्हणाल्या, "वास गेला की गं." त्या वाक्यात आनंद होता की हळहळ, हे मला अजून कळलेलं नाही.

२०२४ च्या जुलैत पाऊस लागला तो दिवसरात्र. मी दर सकाळी जाऊन भिंतींना हात लावायचे. चर भरून वाहत होता. काचेच्या एका कौलाच्या कडेनं थेंब आला, तो सुतारांनी उघडीप मिळताच नीट केला. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पिंजराचे तट्टे बांधले होते, ते उपयोगी पडले. ओल आधी साडेचार फुटांवर होती, त्या वर्षी सव्वा फुटावर थांबली. कपाटातल्या पुस्तकांना बुरशी आली नाही. रात्री वीज गेली की मी कंदील लावून बैठकीवर बसायचे, वर कौलांवरचा पाऊस आणि बाजूला वाकळीवर पाय गुंडाळून झोपलेल्या आत्ती. दुपारची झोप त्यांनी हळूहळू इकडंच आणली होती.

पावसाळा संपला की दरवर्षी जानेवारीत मी पश्चिमेची भिंत झाडते. पोतं पसरायचं, कोरडा ब्रश, वरून खाली. २०२५ मध्ये निम्मी बुट्टी निघाली. यंदा, २०२६ मध्ये, सगळ्या भिंतीचं मिळून ओंजळभर. त्यातलं जवळजवळ सगळं एकट्या चंद्रीच्या कोपऱ्यातलं. तिथं फेब्रुवारीत आणखी एक लेप देणार आहे. रद्दी भिजत घातली आहे.